खाडीकाठची हिरवळ

खारघरच्या डोंगरपायथ्याला, नवी मुंबई वसवणाऱ्या सिडको या सरकारी महामंडळाचे गोल्फचे मैदान आहे. क्षेत्र १०३ हेक्टर, म्हणजे अडीचशे एकरांच्या वर. २०१२ मध्ये ते खेळायला खुले झाले तेव्हा त्यावर होल होते अकरा. गोल्फ खेळणाऱ्याला हा आकडा ऐकूनच हसू येते. पुरे मैदान अठरा होलचे असते. जागा किंवा पैसा कमी पडला तर नऊचे करतात, कारण नऊ दोनदा खेळले की अठरा भरतात. अकराचे गणित कशातच बसत नाही. अकरा खेळून झाले की पुन्हा पहिल्यापासून सात खेळायचे, तेव्हा कुठे एक फेरी पुरी. हे मैदान अठरा होलचे करण्याचा प्रकल्प सिडकोने पुढे हाती घेतला. नवी मुंबईत गोल्फ कुठून आले, त्याला जागा कुणी दिली आणि नेरूळमध्ये तशी जागा का मिळू शकली नाही, ही गोष्ट मात्र अकरा-अठराच्या हिशेबाहून बरीच गुंतागुंतीची आहे.

आता हा अठराचा आकडाही कुणी विचार करून ठरवलेला नाही. स्कॉटलंडमधल्या सेंट अँड्र्यूजच्या जुन्या मैदानावर फेरी बावीस होलची होती. सुरुवातीची चार आणि शेवटची चार फारच आखूड आहेत, असे सभासदांना वाटले. १७६४ मध्ये त्यांनी त्या आठांची चार केली आणि बावीसचे अठरा झाले. सेंट अँड्र्यूजचा दरारा असा की पुढे जगाने तोच आकडा प्रमाण मानला. म्हणजे अडीचशे वर्षांपूर्वी तिथल्या चार सभासदांना जे बरे वाटले, त्यामुळे आज खारघरच्या डोंगराखाली आणखी सात होलना जागा शोधावी लागते.

हा खेळ हिंदुस्थानात फार लवकर आला. ब्रिटनबाहेरचा सगळ्यात जुना गोल्फ क्लब कोलकात्यात १८२९ साली निघाला. मुंबईत रॉयल बॉम्बे गोल्फ क्लब १८४२ चा. म्हणजे पहिली आगगाडी बोरीबंदरहून ठाण्याला धावण्याच्या अकरा वर्षे आधी मुंबईत गोल्फ क्लब होता. जिथे छावणी, जिथे कलेक्टरचा बंगला, तिथे साहेबाला चेंडू टोलवायला मैदान लागे. नाशिककरांना त्याची खूण रोज दिसते. शहराच्या मध्यावरचे क्रिकेटचे मोठे मैदान अजून सगळ्यांच्या तोंडी ‘गोल्फ क्लब मैदान’च आहे, जरी पाटीवर नाव हुतात्मा अनंत कान्हेरे यांचे असले तरी. कान्हेरे यांनी २१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या झाडल्या. कलेक्टरच्या खेळाचे नाव आणि कलेक्टरला मारणाऱ्याचे नाव एकाच मैदानाला, हा योग दुसऱ्या कुठल्या गावाच्या वाट्याला आला असेल असे वाटत नाही.

मुंबईतल्या जुन्या क्लबांत बहुतेक ठिकाणी हिंदी माणसाला दार बंद होते, मग तो कितीही मोठा असो. गव्हर्नर लॉर्ड विलिंग्डन यांच्या पुढाकाराने १९१८ मध्ये विलिंग्डन स्पोर्ट्स क्लब निघाला तो यावर तोड म्हणून. तिथे गोरे आणि हिंदी दोघेही सभासद होऊ शकत होते. अर्थात हिंदी म्हणजे राजेरजवाडे, गिरणीमालक, बॅरिस्टर. गिरगावातल्या कारकुनाला त्या दाराने काही फरक पडला नाही.

मग १९२७ मध्ये चेंबूरला बॉम्बे प्रेसिडेन्सी गोल्फ क्लब स्थापन झाला. नवी मुंबईच्या दृष्टीने हाच सगळ्यात जवळचा जुना क्लब. खाडी ओलांडली की वाशीहून फार लांब नाही. चेंबूर तेव्हा शहराच्या हद्दीबाहेर होते. शेते, टेकड्या, खाडीचा चिखल, मिठागरे आणि पलीकडे तुर्भ्याचा (ट्रॉम्बेचा) डोंगर. शहराचा कचरा रेल्वेने आणून टाकायची देवनारची दलदलही याच अंगाला. गोल्फ आणि कचरा यांची जात निराळी असली तरी दोघांची गरज एकच होती. शहरापासून फार लांब नसलेली, पण शहराला अजून नको असलेली स्वस्त जमीन.

पुढे शहर तिथवर आले. तुर्भ्याला अणुसंशोधन केंद्र आले, तेलशुद्धीकरण कारखाने आले, खताचा कारखाना आला, फाळणीनंतर सिंधी वसाहत आली. राज कपूरने १९४८ मध्ये जवळच आर. के. स्टुडिओ काढला. सुमारे सत्तर वर्षांनी स्टुडिओला आग लागली आणि मग ती जागा एका मोठ्या बांधकाम कंपनीकडे गेली. गोल्फचे मैदान मात्र जागेवर आहे. चेंबूरच्या एखाद्या उंच इमारतीच्या गच्चीवरून पाहिले तर चहूबाजूंच्या काँक्रीटमध्ये तेवढाच एक मोठा हिरवा तुकडा दिसतो. एवढ्या मोक्याच्या जागेवर इमारती का उठल्या नाहीत, याचे उत्तर क्लबच्या घडणीत आहे.

जुन्या पद्धतीचा क्लब कुणा एकाच्या मालकीचा नसतो. काही हौशी माणसे एकत्र येतात, संस्थापक सभासद म्हणून रक्कम भरतात, संस्था किंवा नफा न वाटणारी कंपनी नोंदवतात, सरकारकडून किंवा कुणा जमीनदाराकडून जागा बहुधा भाडेपट्ट्याने मिळवतात. नव्या सभासदाला प्रवेश शुल्क, मग दरवर्षी वर्गणी, शिवाय दोन जुन्या सभासदांची शिफारस आणि कित्येक वर्षांची प्रतीक्षा यादी. सभासदाला आपला वाटा बाजारात विकता येत नाही. क्लब मोडून जमीन विकली तर पैसे वाटून घेता येतील असे घटनेतच नसते. त्यामुळे जमिनीचा भाव कितीही चढला तरी सभासदाच्या खिशात काही पडत नाही आणि विकायचा मोहही होत नाही. आयकराच्या कायद्यातही याच विचाराला मान आहे. सभासदांनी आपल्याच क्लबला दिलेल्या पैशातून उरलेली शिल्लक हा नफा नव्हे, कारण माणूस स्वतःशीच धंदा करून नफा मिळवू शकत नाही. या तत्त्वाला मर्यादा आहेत. बंगलोर क्लबने सभासदच असलेल्या बँकांत ठेवी ठेवल्या आणि व्याजावर कर लागू नये असे म्हटले, तेव्हा २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते मान्य केले नाही. बँकेने तो पैसा बाहेर फिरवला की आपसातला व्यवहार संपला.

कंट्री क्लब ही अमेरिकेची भर. बोस्टनजवळच्या ब्रुकलाइनला १८८२ मध्ये निघालेला क्लब या प्रकारातला पहिला मानतात. तो निघाला घोड्यांसाठी. गोल्फ तिथे दहा वर्षांनी आले. शहरातल्या सुखवस्तू कुटुंबांनी शहराबाहेर जाऊन दिवस घालवायचा, पुरुषांनी खेळायचे, बायकामुलांनी पोहायचे, संध्याकाळी सगळ्यांनी जेवायचे. आपल्याकडे ही कल्पना मूळ धरायला १९९१ नंतरचा पैसा यावा लागला. गुडगावमध्ये डीएलएफचा गोल्फ अँड कंट्री क्लब १९९९ मध्ये सुरू झाला. मैदानाचा आराखडा अर्नोल्ड पामर यांचा. पुण्याजवळ लवळ्याच्या डोंगरात ऑक्सफर्डचे मैदान झाले. इथे हौशी मंडळी गोळा होऊन क्लब काढत नाहीत. जमीन बांधकाम कंपनीची, आणि हिशेबही तिचाच. हा हिशेब समजून घेतला पाहिजे, कारण नेरूळमध्ये पुढे जे झाले त्याची किल्ली त्यात आहे.

गोल्फच्या मैदानातून पैसा सुटत नाही. शंभर-दीडशे एकर सपाट जमीन (उतार, ओढे, झाडी सांभाळायची तर त्याहून जास्त), त्यावर रोज कापायचे गवत, रोज द्यायचे पाणी, पन्नासेक माणसांचा पगार, आणि एका वेळी खेळणार फार तर शे-दीडशे लोक. क्लबहाऊसमधला बार, पोहण्याचा तलाव, लग्नाचा हॉल यांतून थोडी भर पडते. खरी वसुली मैदानाच्या कडेला उभ्या राहणाऱ्या सदनिकांतून होते. खिडकीतून हिरवळ दिसते म्हणून चौरस फुटाला जो जास्तीचा दर मिळतो, त्यातून मैदानाचा खर्च निघून वर उरते. खरेदीदारांपैकी बहुतेकांनी आयुष्यात गोल्फची काठी हातात धरलेली नसते. त्यांना ती धरायचीही नसते. समोर दुसरी इमारत होणार नाही, याची हमी त्यांना हवी असते आणि गोल्फचे मैदान ती देते.

ही हिरवळ तयार कशी होते ते जवळून पाहण्यासारखे आहे. चेंडू पडायचा खळगा जेमतेम सव्वाचार इंच व्यासाचा, आणि तो ज्या गुळगुळीत तुकड्यावर असतो त्याला ग्रीन म्हणतात. एक ग्रीन साधारण पाचशे-सहाशे चौरस मीटरचे. वरून दिसते ती तीन-चार मिलिमीटर उंचीची कापलेली हिरवळ. तिच्या खाली सुमारे बारा इंच वाळूचा थर, त्याखाली चार इंच बारीक खडी, आणि खडीखाली माशाच्या काट्यासारख्या आखलेल्या चरांत भोके पाडलेले नळ. अमेरिकेच्या गोल्फ संघटनेने १९६० मध्ये ही पद्धत ठरवून दिली. गंमत वाळू आणि खडीच्या सांध्यावर आहे. बारीक वाळूतले पाणी जाड खडीत सहजासहजी उतरत नाही, ते वाळूच्या तळाशी तरंगत राहते आणि गवताच्या मुळांना मिळते. वाळू पुरती भरली की मात्र पाणी एकदम खाली सुटते आणि नळातून निघून जाते. उन्हाळ्यात ओल धरून ठेवायची आणि पावसाळ्यात डबके होऊ द्यायचे नाही, ही दोन्ही कामे तोच थर करतो.

वाळूचा हिशेब आपल्या मापात करून पाहा. पाचशे चौरस मीटरवर बारा इंचाचा थर म्हणजे दीडशे घनमीटर, म्हणजे पन्नासहून थोडी जास्त ब्रास. अठरा ग्रीनना जवळजवळ हजार ब्रास. घर बांधताना चार ब्रास वाळूसाठी किती फोन करावे लागतात हे ज्याला ठाऊक आहे, त्याला या आकड्याचे वजन कळेल. शिवाय ही वाळू कुठलीही चालत नाही. दाणा ठरावीक हवा, माती नको, आणि खाडीची असेल तर मीठ धुऊन काढलेले हवे.

वरचे गवत मात्र अगदी घरचे आहे. ग्रीनवर आणि तिथवर नेणाऱ्या कापलेल्या पट्ट्यावर, म्हणजे फेअरवेवर, लावतात ते बर्म्युडा गवत म्हणजे आपली हरळी. गणपतीला वाहतो त्या दूर्वा. शेतकरी जिला शिव्या घालतो, जी खणून काढली तरी पुन्हा येते आणि जिच्या मुळीचा चिवटपणा आपल्या म्हणीत जाऊन बसला, तीच. अमेरिकेत जॉर्जिया राज्यातल्या टिफ्टन गावी ग्लेन बर्टन या शास्त्रज्ञाने हरळीचा आणि तिच्या एका आफ्रिकी बहिणीचा संकर केला. त्यातून फेअरवेसाठी टिफवे आणि ग्रीनसाठी टिफड्वार्फ अशा जाती निघाल्या. या संकरित जाती वांझ असतात, त्यांना बी धरत नाही. त्यामुळे त्यांच्या कांड्या तोडून उसासारख्या लावाव्या लागतात. आणि मग या परदेशी हरळीत गावठी हरळी घुसू नये म्हणून ओळीने बसलेल्या बायका खुरप्याने ती वेचून काढतात. हरळीतून हरळी निंदायची, असे काम शेतात कुणी सांगितले असते तर वेडा ठरला असता.

पाण्याचे गणित आणखी रोखठोक आहे. एप्रिल-मेमध्ये कोकणपट्टीच्या उन्हात गवताला दिवसाला पाच मिलिमीटर पाणी लागते असे धरले आणि वीस हेक्टर हिरवळ जपायची असे धरले, तर रोज दहा लाख लिटर. शहरी पाणीपुरवठ्याचा मापदंड माणशी १३५ लिटर. म्हणजे साडेसात हजार माणसांचे पाणी. पावसाळ्यातले चार महिने इथे अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस कोसळतो आणि उरलेले आठ महिने जमीन कोरडी ठणठणीत. म्हणून मैदानात तळी खोदतात. खेळणाऱ्याला ती अडथळा म्हणून दिसतात, माळ्याला टाकी म्हणून. सांडपाणी शुद्ध करून वापरणे हा शहाणपणाचा मार्ग आहे आणि नवी मुंबईला तो अपरिचित नाही. ऐरोली आणि कोपरखैरण्याच्या केंद्रांतून अधिक शुद्ध केलेले सांडपाणी महापालिका कारखान्यांना पुरवते. गोल्फच्या मैदानाला पिण्याचे पाणी लावणे यापुढे तरी कुणाला समर्थनीय वाटू नये.

थोडक्यात, गोल्फच्या मैदानाखाली जी काही अक्कल पुरलेली असते ती पाणी हुकमात ठेवण्यासाठी असते. हवे तेव्हा आणायचे, नको तेव्हा घालवायचे. नवी मुंबई मात्र उभी आहे ती पाण्याच्या मर्जीवर.

मुंबईचा भार हलका करायला खाडीपलीकडे जुळे शहर वसवावे, हा विचार चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी १९६५ मध्ये मांडला. १७ मार्च १९७० रोजी सिडको स्थापन झाली. ठाणे, पनवेल आणि उरण भागातली ९५ गावे, ३४४ चौरस किलोमीटर क्षेत्र. जमिनी घेतल्या त्या सार्वजनिक प्रयोजनासाठी. जानेवारी १९८४ मध्ये जासई परिसरात दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली जमिनीच्या मोबदल्यासाठी झालेल्या आंदोलनात पोलिसांच्या गोळीबाराने पाच जण हुतात्मा झाले, आणि पुढे प्रकल्पग्रस्तांना साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याची योजना आली. घेतलेल्या जमिनीचा मोठा भाग खारजमिनीचा होता. भातशेती, मिठागरे, खाजण. बांध घालून खाडीचे पाणी अडवायचे आणि आत भात पिकवायचा, हे आगरी शेतकऱ्यांचे पिढीजात कसब. सिडकोने तेच डच धर्तीवर मोठ्या मापात केले. शहराच्या कडेला धारण तलाव खोदले, त्यांना झडपा बसवल्या. भरतीला खाडीचे पाणी बाहेरून दाब देते तेव्हा झडप मिटते आणि शहरात पडलेला पाऊस तलावात थांबतो. ओहोटी लागली की झडप उघडते आणि तुंबलेले पाणी निघून जाते. वाशी-नेरूळमध्ये पावसाळ्यात गुडघाभर पाणी सहसा का साचत नाही, याचे उत्तर या तलावांत आहे. पाण्याला थांबायला जागा द्यावी लागते, हे त्या आराखड्याने मान्य केले होते.

खारघरचे मैदान डोंगराच्या बाजूला, खाडीपासून आत आहे, आणि ते खासगी नाही. सिडकोचेच आहे, सभासद नसलेल्यालाही फी भरून खेळता येते. त्याच्या शेजारी सेंट्रल पार्क, आणि त्या पट्ट्यात मोठे व्यापारी संकुल उभारायचा सिडकोचा बेत. हिरवळ आधी, मग तिच्याभोवती भाव, हा गुडगावचाच हिशेब, फक्त बांधकाम कंपनीच्या जागी सरकारी महामंडळ. वर खारघरच्या डोंगरावर फणसवाडी, चाफेवाडी असे आदिवासी पाडे आहेत. मला या मैदानाविषयी तक्रारीला तशी फार जागा दिसत नाही. डोंगरपायथा मोकळा राहिला, पांडवकडा धबधब्याकडे जाणाऱ्या वाटेवर टॉवर उठले नाहीत. अठरा होलच्या विस्तारात किती झाडे जातील हा प्रश्न मात्र रास्त आहे आणि तो विचारत राहिला पाहिजे.

नेरूळची गोष्ट वेगळी. पाम बीच रस्त्याच्या खाडीकडच्या अंगाला, सेक्टर ६० मध्ये, एनआरआय संकुल आणि टी. एस. चाणक्य या सागरी प्रशिक्षण संस्थेच्या शेजारी पाणथळ जागा आहेत. तिथे गोल्फचे मैदान आणि त्याला जोडून निवासी संकुल, असा प्रकल्प सिडकोने आखला आणि विकासक नेमला. म्हणजे कंट्री क्लबचे तेच गणित, आणि याहून चांगली जागा त्याला मिळाली नसती. समोर खाडी, मागे पाम बीच रस्ता.

अडचण अशी की ती जागा रिकामी नव्हती. ठाणे खाडीत दरवर्षी हिवाळ्यापासून पावसाळ्याच्या तोंडापर्यंत फ्लेमिंगो येतात. त्यांची संख्या लाखाच्या वर गेल्याची नोंद बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने केली आहे. ओहोटीला खाडीचा चिखल उघडा पडतो. डोके उलटे करून, चोचीच्या गाळणीतून ते त्या चिखलातले शेवाळ आणि बारीक जीव खातात. सहा तासांनी भरती येते आणि चिखल बुडतो. आता पक्षी जाणार कुठे? एवढ्या संख्येने टेकायला उथळ पाणी हवे, फार खोल नको, फार कोरडे नको, आणि खाडीपासून दोन मिनिटांच्या उड्डाणावर हवे. ती जागा म्हणजे नेरूळची तलावे, चाणक्य, एनआरआय, डीपीएस शाळा या नावांनी ओळखली जाणारी तळी, तिकडे उरणमधले पाणजे. खाडीचा एक पट्टा २०१५ मध्ये अभयारण्य झाला, २०२२ मध्ये आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत आला. पण अभयारण्याची हद्द खाडीपुरतीच आखली आणि भरतीची ही विसाव्याची ठिकाणे बाहेर राहिली. पक्ष्यांच्या दिवसाचा निम्मा भाग नकाशाबाहेर गेला. सोसायटीच्या शास्त्रज्ञांनी आणखी एक धोका दाखवला होता. ही तळी बुजली तर पक्षी नवी मुंबईच्या विमानतळाच्या बाजूला सरकतील, आणि मग प्रश्न विमानांचाही होईल.

स्थानिक रहिवासी आणि पर्यावरण संस्था न्यायालयात गेल्या. नोव्हेंबर २०१८ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या न्या. अभय ओक आणि न्या. रियाज छागला यांच्या खंडपीठाने नेरूळच्या या पाणथळ जागेवर गोल्फ आणि घरे यांना वाट करून देणारे निर्णय रद्द केले. त्याच दोन न्यायमूर्तींनी त्याआधी काही आठवड्यांपूर्वी राज्यभरच्या खारफुटीच्या रक्षणाचा महत्त्वाचा निकाल दिला होता. सिडको सर्वोच्च न्यायालयात गेली.

गोल्फच्या बाजूने एक युक्तिवाद नेहमी होतो आणि तो खोटा नाही. मैदान झाले तर निदान जागा हिरवी राहील, नाहीतर टॉवर येतील. चेंबूरला हे शंभर टक्के खरे ठरले. तिथल्या क्लबने जवळजवळ शंभर वर्षे एक मोकळा तुकडा शहरापासून राखला, भले तो मोजक्या लोकांसाठी का असेना. नेरूळमध्ये मात्र तीच हिरवळ टॉवर घेऊनच येणार होती, आणि ती उगवायची तर आधी पाणी हटवावे लागणार होते. भराव, मग चर, मग नळ, मग खडी, मग हजार ब्रास वाळू. पाणथळ जागा टिकते ती पाणी थांबते म्हणून. ग्रीन टिकते ते पाणी निघून जाते म्हणून. नगररचनेच्या नकाशावर दोन्हींना ‘मोकळी जागा’ असा एकच रंग देता येतो, आणि बहुतेक गैरसमज त्या रंगापासून सुरू होतात.

क्लबांच्या बाबतीत एका वर्गाची गोष्ट नेहमी मागे राहते. काठ्यांची पिशवी खांद्यावर घेऊन चालणारा कॅडी. जवळच्या वस्तीतली पोरे क्लबात कामाला लागतात, चेंडू शोधता शोधता वारा आणि उतार ओळखायला शिकतात आणि पहाटे किंवा क्लब बंद असेल त्या दिवशी खेळतात. अली शेर दिल्लीच्या क्लबात कॅडी होते. १९९१ मध्ये इंडियन ओपन जिंकणारे ते पहिले भारतीय व्यावसायिक खेळाडू. एस. एस. पी. चौरासिया यांचे वडील कोलकात्याच्या क्लबात हिरवळ सांभाळत. मुलाने २००८ मध्ये इंडियन मास्टर्स आणि पुढे लागोपाठ दोन इंडियन ओपन जिंकल्या. प्रतीक्षा यादीत वीस वर्षे काढणाऱ्याला न साधलेले या पोरांना मागच्या दाराने साधले. खारघरसारखे फी भरून खेळता येणारे मैदान हे दार थोडे पुढे आणू शकते. त्यासाठी आजूबाजूच्या गावांतल्या आणि पाड्यांवरच्या मुलांना आठवड्यातले काही तास मोफत द्यावे लागतील, आणि सिडकोला ते अवघड नाही.

नेरूळमध्ये दरम्यान फ्लेमिंगोंचे बरे दिवस आले. महापालिका शहराला ‘फ्लेमिंगो सिटी’ म्हणवते, चौकांत त्यांचे पुतळे आहेत, भिंतींवर चित्रे आहेत. तरी २०२४ मध्ये डीपीएस शाळेजवळच्या तळ्यात भरतीचे पाणी यायच्या वाटा बुजल्या, तळे आटले आणि त्या परिसरात पक्षी मेले. त्यावर बराच गदारोळ झाला. २०२५ मध्ये राज्य शासनाने ते सुमारे तीस एकरांचे तळे संवर्धन राखीव क्षेत्र करण्याचा निर्णय घेतला. तीस एकरांत नऊ होलचे मैदानही धड बसत नाही, तेव्हा त्या तुकड्यावर गोल्फवाल्यांचा डोळा असायचे कारण नाही. पण राखीव क्षेत्राच्या पाटीने तळे भरत नाही. दिवसातून दोनदा खाडीचे पाणी आत यायला आणि बाहेर जायला वाट हवी, तिच्यातला गाळ दरवर्षी काढायला माणसे हवीत, आणि ती कुणी नेमायची हे महापालिका, सिडको आणि वनखाते यांनी आपसात ठरवायला हवे. नाहीतर चार-पाच उन्हाळ्यांत तळ्याची कोरडी जमीन होईल, आणि खाडीकाठच्या कोरड्या जमिनीसाठी नवी मुंबईत आराखडे तयारच असतात.